मिसेस हॅलमचा जबाब

टेप पुसली गेली आहे हे विल्फ्रेड ऑर्मरॉडला मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं. त्या वेळी तो स्वयंपाकघरात फ्रीजमधला बर्फ काढत बसला होता. फ्रीजचं दार उघडं, खाली जुने टॉवेल अंथरलेले आणि हातात लाकडी उलथनं. हे काम त्याची बायको नेस्टा दर दोन महिन्यांनी करायची. ती फेब्रुवारीत गेली आणि आता मे संपत आला होता, त्यामुळे बर्फ चांगला जाड झाला होता. फोन वाजला तेव्हा त्याला वाटलं, कॅरिस असेल. मुलगी शाळेत शिकवायची, रोज मधल्या सुट्टीत तिथून फोन करायची आणि काय खाल्लं ते विचारायची. पण आवाज दुसरा होता, तरुण आणि जरा जास्तच सांभाळून बोलणारा.

“मिस्टर ऑर्मरॉड, मी इमोजेन. वाहिनीच्या संग्रहातून बोलतेय. तुमच्या मुलीने आमच्याकडे ‘मिसेस हॅलमचा जबाब’ हे नाटक मागितलं होतं.”

“हो. मिळालं का?”

“टेप मिळाली. म्हणजे तोच क्रमांक, तीच टेप. पण तिच्यावर आता ते नाटक नाही.”

“मग काय आहे?”

“‘खाण क्रमांक चार’. भाग तिसरा. तुमचीच मालिका आहे ती.”

उलथन्यावरून पाणी गळत होतं. ते त्याच्या बाहीत शिरलं, तरी त्याने हात खाली घेतला नाही. कुठे परदेशात एखादी प्रत गेली असेल का, असं त्याने विचारलं. तिने ते आधीच शोधलं होतं. परदेशी विकलेल्या नाटकांच्या यादीत हे नव्हतं. घरी कुणी पडद्यावरून उतरवून घेण्याचे ते दिवस नव्हते. काही छायाचित्रं होती, चार, सगळी तालमीतली. आणि एक कागद होता. नोव्हेंबर बहात्तरचा, टेप पुसायला हरकत नसल्याचा. खाली सही होती, नुसती दोन अक्षरं.

“नीट लागत नाहीत,” ती म्हणाली. “तुम्हाला काही अंदाज?”

“त्या काळी आम्ही बरेच जण होतो.”

“हो ना,” ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच की तिला ती अक्षरं लागलेली आहेत हे त्याच्या लक्षात आलं. “कॅरिसने सगळी फाइल मागितली आहे. शुक्रवारी मी तिला प्रती पाठवेन. म्हटलं, त्याआधी तुम्हाला सांगावं.”

फोन ठेवल्यावर तो परत फ्रीजसमोर स्टुलावर बसला. बर्फाचा एक तुकडा सुटून टॉवेलवर पडला. त्याने तो उचलला आणि मोरीत टाकला. मग काय करायचं ते त्याला सुचेना. तीन महिन्यांत त्याने नेस्टाचे कपडे दिले, तिचा चष्मा दिला, बँकेत तिचं नाव कमी केलं. हे सगळं करताना त्याला वाटत होतं की कुठल्या तरी गोदामात, कुठल्या तरी फळीवर ती आहे. एकतीस वर्षांची, हालणारी, बोलणारी. टेप पुसली गेली असणार हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो आशा धरून होता. संग्रहातल्या लोकांनी कधी काळी कागद गहाळ केला असेल, टेप चुकीच्या फळीवर गेली असेल, कुणी तरी आळस केला असेल. दुसऱ्याच्या आळसावर भिस्त ठेवून तो तीन महिने जगला होता.

तो कागद फिकट निळा असायचा. दर दोन-तीन महिन्यांनी विभागात यायचा आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायचा. वर नाटकांची नावं, समोर टेपचे क्रमांक, आणि खाली एक ओळ, की यापुढे यात रस नसल्यास सही करावी. टेपा महाग होत्या आणि नव्या कामाला त्या हव्या असायच्या. सही केली नाही तर टेप राहायची, एवढं ते सोपं होतं. पण सही न करणाऱ्या माणसाला कॅन्टीनमध्ये लोक सोडत नसत. एक जण होता, फार नाव घेण्यासारखा नव्हता, त्याने एकदा आपलं नाटक ठेवा म्हणून लिहून दिलं. पुढे वर्षभर त्याला लोक विचारत, काय रे, कापलेली नखं पण डबीत भरून ठेवतोस का. ते सगळे रंगभूमीवरून आलेले लोक होते. रात्री पडदा पडला की नाटक संपलं, दुसऱ्या दिवशी दुसरं, अशी त्यांची समजूत होती आणि त्या समजुतीचा त्यांना अभिमानही होता. ठेवून काय करायचं? कोण बघणार? विल्फ्रेड स्वतः बोल्टनच्या एका नाटक कंपनीतून आलेला, दर आठवड्याला नवं नाटक बसवणारा. त्याने आठ-नऊ वर्षांत अशा किती कागदांवर सह्या केल्या असतील याची गणती नव्हती. जेवता जेवता, एका हातात काटा धरून, वर न बघता. इतरांची नाटकंसुद्धा. कुणी रजेवर असला तर त्याचीही सही हाच ठोकायचा, आणि त्याच्यासाठी ते करायचे. पण नोव्हेंबर बहात्तरचा कागद त्याने वाचला होता. वरून पाचवं नाव. तेव्हा तो एकटा होता, दार लावलेलं होतं, आणि समोर जेवणाचं ताट नव्हतं.

दुपारी कॅरिसचा फोन आला. मागे मुलांचा गोंगाट.

“डॅड, काय खाल्लंस?”

“टोस्ट.”

“टोस्ट म्हणजे जेवण नव्हे. त्या बाईंचा फोन आला होता का रे? मला त्यांचा निरोप आहे, टेप गेली म्हणून.”

“आला होता.”

“मला रडूच आलं, स्टाफरूममध्ये. कोण असतील रे हे लोक? कुणी तरी मठ्ठ कारकून, पेन्शनकडे डोळे लावून बसलेला. आईचं नाव वाचायचीसुद्धा तसदी घेतली नसेल. मी त्या बाईंना सांगितलंय, मला सगळे कागद हवेत. मला त्याचं नाव हवंय.”

“चाळीस वर्षं होतील, कॅरिस.”

“असू देत. मेला असेल तर त्याच्या थडग्यावर जाऊन ओरडेन. बरं ऐक, आईच्या स्मरणसभेसाठी रविवारी दोन वाजता हॉल आपला आहे. त्यांच्याकडे सत्तर खुर्च्या आहेत. टेप नाही तर नाही, मी भाषण करणारेय. त्या मौनाबद्दल. तू ऐकशील ना आधी? शुक्रवारी संध्याकाळी येते मी.”

“ये,” तो म्हणाला.

ते मौन. त्या नाटकाबद्दल ज्याने कुणी लिहिलं, त्याने त्या मौनाबद्दलच लिहिलं. त्यातलं एक कात्रण कॅरिसने फ्रेम करून जिन्यात लावलं होतं. नाटकाच्या शेवटी मिसेस हॅलम, म्हणजे नेस्टा, एका गिरणीतल्या मुकादमाची बायको, चौकशी समितीसमोर उभी राहते. गिरणीत माणसं मेली त्या दिवशी नवऱ्याने दाराला बाहेरून कडी लावली होती का, असं तिला विचारतात. आणि ती बोलत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो आणि ती बोलत नाही. तिचे डोळे इकडून तिकडे जातात, ओठ उघडतात, मिटतात. मग ती एकच वाक्य बोलते आणि नाटक संपतं. नवऱ्याशी इमान की मेलेल्यांशी, याचा सगळा झगडा त्या चेहऱ्यावर दिसला, असं त्या लेखात होतं. असं मौन धरायला नट असा हवा आणि ते धरू देणारा दिग्दर्शकही तसाच हवा, असंही होतं. दिग्दर्शक विल्फ्रेड होता. त्या एका लेखावर त्याला पुढची सात-आठ वर्षं कामं मिळाली. ‘खाण क्रमांक चार’ त्यातूनच आली. त्याचं बक्षीस अजून वरच्या खोलीत आहे. नेस्टाने मात्र त्यानंतर टेलिव्हिजनवर काम केलं नाही. तेव्हा तिला तिसरा महिना होता. कॅरिस झाली, मग घर, मग वेल्समधल्या कार्मार्दनहून तिची आई राहायला आली. लोक विचारायचे तेव्हा ती म्हणायची, मी माझ्या शिखरावरून उतरले, बरं झालं, वर वारा फार होता. सगळे हसायचे. कॅरिस लहानपणापासून सगळ्यांना सांगायची की मीही त्या नाटकात होते, आईच्या पोटात, माझं नाव द्यायचं विसरले.

बुधवारी तो घरातून बाहेर पडलाच नाही. त्याने मार्मलेडच्या तीन बरण्या धुऊन काढल्या आणि परत भरल्या. कॅरिसला फोन करून सांगून टाकावं असं त्याला दहा वेळा वाटलं, आणि दहा वेळा तो फोनजवळ जाऊन परत आला. तसं पाहिलं तर सांगायचं एवढंच होतं, मी सही केली. तीन शब्द. पण त्याला माहीत होतं की कॅरिस पुढचा प्रश्न विचारील. ती रसायनशास्त्र शिकवते, ती पुढचा प्रश्न विचारतेच. का केलीस? आणि त्या प्रश्नाच्या मागे स्टुडिओचं ते दार होतं. चाळीस वर्षं ते त्याने लोटून ठेवलं होतं.

तेव्हाचं काम असं होतं. नाटक तीन-चार कॅमेऱ्यांवर सलग रेकॉर्ड व्हायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारण टेप कापायची नाही असा दंडक होता. कापलेली टेप पुन्हा वापरता येत नाही. दिग्दर्शक खाली नटांजवळ नसायचा. वर अंधाऱ्या खोलीत, काचेमागे, पडद्यांच्या रांगेसमोर बसायचा आणि माइकमध्ये बोलायचा. त्याचं बोलणं खालच्या माणसांच्या कानात जायचं, नटांना ऐकू यायचं नाही. खाली सेटच्या कडेला एक साहाय्यक मुलगी संहिता घेऊन उभी असायची. तिच्या हातात एक बटण. नट वाक्य विसरला तर तिने बटण दाबायचं. तेवढ्यापुरता आवाज बंद व्हायचा, ती हळूच वाक्य सांगायची, बटण सोडायची. घरी बघणाऱ्याला वाटायचं, आपल्या टीव्हीचाच आवाज गेला. त्या नाटकाला ती मुलगी डोरीन क्लेग होती. चुणचुणीत, फार घाबरट, आणि बटणावर बोट तयार ठेवणारी. नेस्टा तिला आवडायची.

नेस्टा विसरली. मौन वगैरे काही नव्हतं. अकरा ओळींचं भाषण होतं आणि तिला पहिली ओळच आठवेना. सकाळपासून तिला ओकाऱ्या होत होत्या. तिने त्याला त्याचं कारण सांगितलं नव्हतं, नाटक संपल्यावर सांगायचं ठरवलं होतं. वर अंधारात त्याने ते पहिल्या दोन सेकंदांत ओळखलं. तो तिच्याबरोबर झोपत होता, तिच्याबरोबर उठत होता. ती खरंच घाबरली की तिची डावी पापणी कशी हलते ते त्याला ठाऊक होतं. कानात डोरीनचा आवाज आला, “ती अडकलीय, देऊ का?” आणि त्याच वेळी त्याने समोरच्या पडद्यावर तो चेहरा पाहिला. इतका खरा चेहरा त्याने टेलिव्हिजनवर कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, “देऊ नकोस.” डोरीन म्हणाली, “विल्फ, ती पूर्ण अडकलीय.” तो म्हणाला, “बोट काढ.” मग त्याने कॅमेऱ्याला आणखी जवळ जायला सांगितलं. हळू, हळू, अजून. तो हे सगळं अगदी शांत आवाजात बोलत होता. शेजारी बसलेली बाई सेकंद मोजत होती, तिचं काम ते होतं, आणि ती मोठ्याने मोजत होती. बत्तीस, तेहतीस. खाली त्याची बायको मदतीसाठी इकडे तिकडे बघत होती आणि त्याला एवढंच वाटत होतं की तिने आता बोलू नये. अडतिसाव्या सेकंदाला नेस्टाने सगळं भाषण सोडून दिलं आणि शेवटचं वाक्य बोलली. मग वरच्या खोलीत टाळ्या वाजल्या. तो धावत खाली गेला तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, आणि कुणी तरी तिला पाणी देत होतं. “ऑर्मरॉड,” ती म्हणाली. ती त्याला नेहमी आडनावाने हाक मारायची. “माझं सगळं गेलं.” तो म्हणाला, “अगं, फार सुंदर झालं.” तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायली.

तिला माहीत होतं की नाही, हे त्याला तेरा वर्षं माहीत नव्हतं. एक्याऐंशी साली, इथेच, या मोरीशी ती भांडी धूत होती आणि तो पुसत होता. घरी जेवायला आलेल्या कुणी तरी त्या मौनाची आठवण काढली होती. पाहुणे गेल्यावर ती पाठमोरी उभी राहून म्हणाली, “त्या पोरीचं बोट बटणावर होतं. मी पाहिलं होतं. मग तिने कानाशी हात नेला, काही तरी ऐकलं, आणि बोट काढलं.” त्याच्या हातात बशी होती. तो ती पुसत राहिला. तिने नळ बंद केला. “ती मोठी बशी खालच्या कप्प्यात ठेव,” ती म्हणाली. यावर ते पुन्हा कधीही बोलले नाहीत. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. ती रागावली नाही. तिने कात्रणाची फ्रेम जिन्यात लावू दिली, आणि अठ्ठावीस वर्षं रोज तिच्यासमोरून वर-खाली केलं.

गुरुवारी तो आगगाडीने संग्रहाकडे गेला. स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं होतं, एका कारखान्याच्या भिंतीकडेने. इमोजेन त्याला घ्यायला खाली आली. पंचविशीची मुलगी, स्वेटरच्या बाह्या तळव्यापर्यंत ओढलेल्या, कारण आत थंडी होती. तिने त्याला चहा दिला आणि मग न विचारता त्या फळीपाशी नेलं. करड्या रंगाची पेटी होती. तिच्यावर ‘खाण क्रमांक चार, ३’ असं लिहिलेलं होतं आणि खाली त्याचं नाव छापलेलं होतं. त्याने पेटीवर हात ठेवला. पेटी थंड होती.

“हिच्याखाली काही उरतं का?” त्याने विचारलं. “म्हणजे, अगदी थोडं. खालच्या थरात.”

“नाही हो. थर वगैरे नसतो. लोक विचारतात हे, पण नसतो.”

“मग हे ठेवलंय कशाला?”

“हे चांगलं आहे म्हणून,” ती म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. तिने बाह्या आणखी खाली ओढल्या.

तिच्या टेबलावर तो निळा कागद होता. आता निळा म्हणवत नव्हता, कडेने पिवळा पडला होता. पाचव्या नावासमोर त्याची दोन अक्षरं होती, व्यवस्थित, सावकाश काढलेली. बाकीच्या कागदांवर तो कशी रेघ ओढायचा ते त्याला आठवत होतं. इथे तशी रेघ नव्हती. ज्या माणसाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे, त्याने काढलेली ती अक्षरं होती.

“ही माझी सही आहे,” तो म्हणाला.

“मला वाटलंच होतं,” इमोजेन म्हणाली. मग टेबलाच्या खणातून तिने एक छापील फॉर्म काढला. “हे बघा, मी हे सुचवायला नको. पण एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला वाटलं की आपला कागद बाहेर जाऊ नये, तर त्याला तसं सांगता येतं. इथे सही केली की तो कागद मी फाइलमधून बाजूला काढते. तुमच्या मुलीला बाकी सगळं मिळेल. तिला कळणारसुद्धा नाही की काही कमी आहे.”

तिने पेन फॉर्मवर ठेवलं. ती खरंच चांगुलपणाने करत होती. त्याने फॉर्म वाचला. पाच ओळी, एक तारीख, एक सही. खिडकीबाहेर एक माणूस टेपांच्या रिकाम्या पेट्या हातगाडीवर रचत होता. तो एक रांग रचून झाली की दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का ते बघायचा. विल्फ्रेडने पेन उचललं. इतकी वर्षं त्याला हे जमत होतं आणि आताही जमलं असतं. उद्या कॅरिस येईल, त्या कारकुनाला चार शिव्या देईल, तो सूप गरम करील, रविवार येईल आणि जाईल. मग ती म्हातारपणी त्याला बघायला येत राहील. तिच्याशिवाय आता त्याच्याकडे कुणी येत नव्हतं.

“नको,” तो म्हणाला. पेन त्याने फॉर्मवर आडवं ठेवलं. “जाऊ दे तिच्याकडे. मीच सांगतो तिला.”

“नक्की ना?”

“नक्की असं काही नाही. पण जाऊ दे.”

शुक्रवारी कॅरिस सहाला आली, हातात छायाचित्रांची पेटी आणि काखेत एक लांब पाव. तिने कोट काढायच्या आधी फ्रीज उघडून पाहिला. “बर्फ काढलास? अरे वा. आई बघती तर बेशुद्ध पडती.” त्याने सूप वाढलं. दोन चमचे झाल्यावर त्याने विचारलं, “कागद आले का?”

“आलेत. उघडले नाहीत अजून. आज दिवसभर परीक्षा होत्या.”

“त्यात एक निळा कागद आहे. त्याच्यावरची सही माझी आहे.”

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. “कशावरची?”

“टेप पुसायला हरकत नाही म्हणून. बहात्तर साली. मी सही केली.”

तिने चमचा ठेवला. स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरायला लागला आणि थांबला. “म्हणजे तो मठ्ठ कारकून तू,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि जुन्या टेपा पुसणाऱ्यांवर मी मागच्या महिन्यात वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. तू वाचलंस ते. शुद्धलेखन तपासून दिलंस.”

“तू चांगलं लिहिलं होतंस.”

ती हसली, पण ते हसू मधेच तुटलं आणि तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. “आईला माहीत होतं?”

“टेपा पुसल्या जातात हे तिला माहीत होतं. कुणी सही केली ते तिने कधी विचारलं नाही.”

“का केलीस, डॅड?”

तो प्रश्न आला. तो येणार हे त्याला मंगळवारपासून माहीत होतं, आणि खरं उत्तरही तयार होतं: तो घाबरलेला चेहरा आणि आपलं ‘देऊ नकोस’ पुन्हा समोर येऊ नये म्हणून. गाडीत त्याने ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं, नट म्हणतो तसं, पहिल्या ओळीपासून. त्याने तोंड उघडलं. कॅरिस टेबलावर पुढे झुकून बघत होती. तिची डावी पापणी हलत होती. “टेपा हव्या होत्या,” तो म्हणाला. “नवी मालिका होती. तेव्हा सगळेच करायचे. आम्हाला वाटायचं, हे कोण ठेवणार.” यातला एकही शब्द खोटा नव्हता.

कॅरिसने टेबलावरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. “मूर्ख आहेस तू,” ती म्हणाली. “तुम्ही सगळेच मूर्ख होता. पण सांगितलंस, हे बरं केलंस. मला कागदावर दिसलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.” तिची पकड घट्ट होती आणि गरम होती. त्याला वाटलं, आता, हे मनगट तिच्या हातात आहे तोवर. पण तिने नाक पुसलं, सूप संपवलं, आणि पर्समधून घडी घातलेले तीन कागद काढले. “बस नीट,” ती म्हणाली. “मधे बोलायचं नाही. शेवटी सांग.”

ती उभी राहून वाचू लागली, वर्गात वाचते तशी, प्रत्येक शब्द सुटा करून. आई कार्मार्दनच्या चॅपेलमध्ये गायची तिथून सुरुवात होती. मग लंडन, मग विल्फ्रेड ऑर्मरॉड नावाचा कुरकुऱ्या माणूस, इथे लोक हसतील असं तिने समासात लिहिलं होतं. मग नाटक. माझ्या आईने त्या क्षणी न बोलायचं ठरवलं, ती वाचत होती. संहितेत अकरा ओळी होत्या. तिने त्या बाजूला ठेवल्या, कारण मिसेस हॅलम त्या बोलली नसती हे तिला कळलं होतं. आणि माझ्या वडिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी तिला थांबवलं नाही. दोन माणसांनी एकमेकांवर ठेवलेला इतका विश्वास मी पुन्हा कुठे पाहिला नाही, आणि मी त्याच घरात वाढले. वाचून झाल्यावर तिने कागदांची परत घडी घातली.

“बरोबर आहे ना सगळं? काही चुकलं असेल तर आत्ता सांग. तिथे तिच्या जुन्या मैत्रिणी असतील.”

विल्फ्रेडने पाव तोडला. त्याचा एक तुकडा त्याने बोटांत धरला आणि तो तसाच राहिला. “थोडं लांब आहे,” तो म्हणाला. “बाकी चांगलं आहे.”

“चॅपेलचं कापते,” कॅरिस म्हणाली आणि पेन शोधू लागली.

ती साडेआठला गेली. ते मौन कसं झालं, हे कुठल्याच कागदावर नाही. डोरीन क्लेग अकरा वर्षांपूर्वी वारली. स्टुडिओच्या वरच्या खोलीत सेकंद मोजणारी बाई त्याच्याही आधी. आता ते फक्त त्याला माहीत आहे. कार्यक्रम रविवारी दोन वाजता आहे, आणि कॅरिसला त्याने अजून सांगितलेलं नाही.